तुम्ही विचारलंत: सर्व्हेवाले उत्तरं घेऊन परत आलेच नाहीत!

मागच्या अंकात विद्यापीठं आणि त्यांच्या शेजारची वस्ती यांच्या नात्यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं होतं दोन-चार येतील, पण ढीगच आला, आणि निम्मे प्रश्न खरं तर तक्रारी आहेत. जमतील तेवढे घेतलेत.

प्रश्न: आम्ही विद्यापीठाच्या कुंपणाला लागून राहतो. दरवर्षी मुलं फॉर्म घेऊन येतात, घरात माणसं किती, शिकलेत किती, आजारपण काय, सगळं विचारतात. चार वर्षांत चारदा तेच सांगितलं. यंदा त्यांच्या बॅनरवर 'समाजाशी भागीदारी' असं लिहिलं होतं. ही कसली भागीदारी? – एक शेजारी

अगदी बरोबर खटकलंय तुम्हाला. भागीदारी हा धंद्यातला शब्द, त्यात नफा-तोटा दोघांचा असतो आणि हिशेबाची वही दोघांनाही बघता येते. इथे तुम्ही माहिती दिलीत, मुलांना मार्क मिळाले, सरांचा पेपर छापून आला, आणि तुम्हाला काय मिळालं तर पाचव्या वर्षी परत तोच फॉर्म.

शेरी आर्नस्टाइन म्हणून एक बाई होत्या, त्यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची एक शिडी मांडली, आठ पायऱ्यांची. सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, सगळ्यात वर कारभार लोकांच्याच हातात. मत विचारून घेणं ही त्यात चौथी पायरी, भागीदारी सहावी. गंमत अशी की बहुतेक विद्यापीठं चौथ्या पायरीवर उभी राहून सहावीचा बॅनर लावतात.

आता कबुलीच द्यायची तर मीही हे केलंय. नोकरीच्या सुरुवातीला एका वस्तीत दोनेकशे घरांचा सर्व्हे केला, निघताना सांगितलं की अहवाल आणून देतो, आणि तो अहवाल डिपार्टमेंटच्या कपाटात पडून राहिला. दोन वर्षांनी दुसऱ्या कामाला त्याच वस्तीत गेलो तर एका आजींनी दारातूनच विचारलं, "मागचं काय झालं ते सांग आधी, मग आत ये." गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते आपल्याच बाबतीत खरं ठरलं, काय बोलणार!

तेव्हा पुढच्या वेळी मुलं आली की त्यांना हाकलू नका (ती बिचारी सांगितल्याकामाची), पण त्यांच्या सरांना निरोप द्या की फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी कळू देत: हे प्रश्न कुणी ठरवले, उत्तरं आम्हाला कधी आणि आमच्या भाषेत मिळणार का, आणि मागच्या चार वर्षांचे फॉर्म कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घाम फुटेल.

प्रश्न: मी नवीन असिस्टंट प्रोफेसर आहे. मनापासून काहीतरी करायचंय, पण आमच्याकडे सुरुवात म्हणजे एमओयूवर (सामंजस्य करारावर) सही, फोटो, आणि मग शांतता. नेमकं कुठून सुरू करू?

एमओयू शेवटी करा, आधी प्रश्न शोधा, आणि तोही तुमच्या विषयाचा नाही, त्यांच्या गरजेचा. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकात विद्यापीठांनी 'सायन्स शॉप' सुरू केली. नाव दुकान पण विकायला काही नाही. रहिवाशांच्या संघटना, कामगारांचे गट, पर्यावरणवाले आपला प्रश्न घेऊन यायचे आणि विद्यापीठातले लोक त्यावर अभ्यास करून द्यायचे. अट साधारण एवढीच की तुमच्याकडे संशोधन करून घ्यायला पैसे नाहीत, त्यातून धंदा करायचा नाही, आणि उत्तर मिळालं तर ते वापरायची तयारी आहे. ही उलटी दिशा मला फार आवडते, कारण एरवी प्रोफेसर विषय घेऊन वस्ती शोधत फिरतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, वेस्ट फिलाडेल्फियातलं. तिथे 1985 मध्ये सुरुवात झाली ती एका साध्या सेमिनार कोर्सने, विद्यापीठ आणि आजूबाजूचा भाग यांचं नातं हाच अभ्यासाचा विषय. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस जॉन्स्टन या मानववंशशास्त्राच्या प्रोफेसरांनी आपला नेहमीचा कोर्स बदलून टाकला आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांचं पोषण हा विषय घेतला, त्यांचे विद्यार्थी आणि शाळेतली मुलं मिळून काम करायला लागली. 1992 मध्ये या सगळ्यासाठी स्वतंत्र केंद्र झालं. म्हणजे केंद्र उघडायला सात वर्षं लागली, आणि आपल्याला पहिल्याच महिन्यात बोर्ड लावायचा असतो!

यातली खरी युक्ती अशी की काम रविवारच्या समाजसेवेत न ढकलता कोर्समध्येच घातलं. प्रोफेसरला जे शिकवायचंच आहे, विद्यार्थ्याला ज्याचे मार्क मिळणारच आहेत, तेच जर शाळेच्या उपयोगाचं असेल तर ते दरवर्षी होतं. उत्साहावर चालणारं काम त्या उत्साही माणसाची बदली झाली की संपतं.

बाकी काही बारीकसारीक गोष्टी ज्या कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेत ठळक लिहिलेल्या नसतात. वस्तीतल्या ज्या बाई तुम्हाला घरोघर नेतात, ओळख करून देतात, त्यांना मानधन द्या. तुमचा एक तास पगारी आणि त्यांचा फुकट, मग बरोबरीच्या गप्पा मारू नका. तुमच्या सेमिस्टरचं वेळापत्रक त्यांना पहिल्या दिवशी सांगा, कारण परीक्षा आली की तुम्ही दोन महिने गायब होणार आणि तिकडे लोकांना वाटणार की हेही गेले. विद्यापीठाकडून फोन उचलणारा एकच माणूस ठेवा. आणि पहिलं काम छोटं घ्या, इतकं छोटं की ते फसूच शकणार नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी प्रमोशनचं विचारलंय. खरं सांगू, बहुतेक ठिकाणी यासाठी फारसे गुण मिळत नाहीत, पेपर मोजले जातात आणि वस्तीत घालवलेली संध्याकाळ मोजली जात नाही. अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेच्या नावाने 2006 पासून समाजाशी जोडलेल्या विद्यापीठांचं एक वेगळं वर्गीकरण सुरू झालं, त्यासाठी अर्ज करताना विद्यापीठाला आपल्या बढतीच्या नियमांत हे काम बसतं का तेही सांगावं लागतं. त्याने थोडा फरक पडतो. पण तुम्ही एकट्या असाल तर पेपर आणि काम एकाच विषयावर ठेवा, दोन दगडांवर पाय नको.

प्रश्न: आमच्या भागातल्या पाण्याला वास येतो म्हणून आम्ही सात-आठ घरांनी स्वतः तारीखवार नोंदी ठेवल्या. विद्यापीठातल्या एकांना दाखवल्या तर म्हणाले हे सायंटिफिक नाही. मग आम्ही काय करायचं?

त्यांना फ्लिंटची गोष्ट सांगा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं हे शहर, तिथे एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला आणि नदीचं पाणी द्यायला सुरुवात केली, पण पाईप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं असतं ते घातलं नाही. लोक तक्रार करत होते, रंग दाखवत होते, पुरळ दाखवत होते आणि अधिकारी म्हणत होते पाणी ठीक आहे. लीअॅन वॉल्टर्स या तिथल्याच रहिवासी, त्यांनी कागदपत्रं वाचून काढली आणि व्हर्जिनिया टेक या दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्याशी संपर्क केला.

2015 मध्ये त्या टीमने नमुने घ्यायची सुमारे 300 किट पाठवली, पण ती घरोघर वाटली, कशी भरायची ते समजावलं आणि परत गोळा केली ती रहिवाशांनी. पाइपांतून पाण्यात उतरलेल्या शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीच्या वर निघालं. शहरातल्याच एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं, आणि ऑक्टोबर 2015 मध्ये शहराला जुन्या स्रोतावर परत जावं लागलं.

इथे कामाची वाटणी बघा. कुठल्या घरात पाणी कधी तांबडं होतं, कोण दार उघडेल, कोण भांडेल, हे रहिवाशांना माहीत. बाटली किती तास पाणी न वापरता मग भरायची आणि शिसं मोजायचं कसं हे विद्यापीठाला माहीत. तुमच्या नोंदी सायंटिफिक नसतील कदाचित, पण कुठे आणि कधी नमुना घ्यायचा हे त्यांच्यावरूनच ठरेल. त्या सरांना विचारा, "मग सायंटिफिक कशी करायची ते शिकवा." नाही म्हणाले तर दुसरं विद्यापीठ शोधा. फ्लिंटच्या लोकांना मदत मिळाली ती जवळच्या विद्यापीठाकडूनच असं कुठे आहे!

प्रश्न: विद्यापीठ आता आमच्या बाजूला नवीन इमारती बांधणार आहे. मीटिंगमध्ये नोकऱ्या देऊ, दवाखाना काढू असं बोलले. विश्वास ठेवावा का?

बोलण्यावर ठेवू नका, लिहिलेल्यावर ठेवा, आणि लिहिलेल्यात तारीख, रक्कम आणि मोडल्यास काय हे तिन्ही असेल तरच.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने साठच्या दशकात शेजारच्या सार्वजनिक बागेत जिम बांधायला घेतली. बाग हार्लेमच्या बाजूची, तिथली वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय. रहिवाशांना जिमचा एक भाग मिळणार होता पण त्यांचं दार खालच्या बाजूला, वेगळं. 1968 मध्ये विद्यार्थी आणि वस्ती दोघंही भडकले, आंदोलन झालं आणि ती जिम तिथे कधी झालीच नाही. दार कुठे ठेवलं एवढ्या एका गोष्टीवरून लोकांना कळलं की हे आपल्याला काय समजतात.

त्याच विद्यापीठाने चाळीसेक वर्षांनी पश्चिम हार्लेममध्ये मोठा विस्तार काढला तेव्हा 2009 मध्ये स्थानिक संस्थेबरोबर लेखी करार करावा लागला, 15 कोटी डॉलरचा, घरं, शिक्षण, नोकऱ्या वगैरे धरून. त्यावरही लोकांची भांडणं आहेतच, घरं सोडावी लागली त्यांना करार वाचून काय मिळणार. पण निदान बोट ठेवायला कागद आहे. येल विद्यापीठाचं बघा, शिक्षणसंस्था म्हणून त्यांच्या बहुतेक मालमत्तेवर कर नाही, आणि शहराची तिजोरी कोरडी, म्हणून ते न्यू हेवन शहराला स्वेच्छेने पैसे देतात. 2021 मध्ये सहा वर्षांत मिळून सुमारे 13.5 कोटी डॉलर द्यायचं ठरलं. स्वेच्छेने म्हणतात खरं, पण त्यामागे रस्त्यावर उतरलेल्या संघटनांचा रेटा होता.

नोकऱ्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. कारखाना उठून दुसऱ्या गावी जातो, विद्यापीठ सहसा जात नाही, म्हणून त्याला अँकर इन्स्टिट्यूशन म्हणायची पद्धत पडलीये. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात असा विचार झाला की इथली विद्यापीठं आणि हॉस्पिटलं दरवर्षी इतकी खरेदी करतात, चादरी धुण्यापासून भाजीपर्यंत, ती शेजारून का नको? त्यातून एव्हरग्रीन नावाच्या सहकारी संस्था निघाल्या, 2009 मध्ये पहिली लाँड्री सुरू झाली, आणि तिचे मालक तिथलेच कामगार. म्हणून तुम्ही मीटिंगमध्ये "किती नोकऱ्या देणार" एवढंच विचारू नका, "तुम्ही दरवर्षी काय काय विकत घेता त्याची यादी द्या" असं विचारा. यादी दिली तर बोलणी खरी चाललीयेत समजा.

प्रश्न: आरोग्याच्या प्रोजेक्टसाठी रक्ताचे नमुने मागतायत. संमतीपत्र बारीक अक्षरात चार पानी आहे. सही करू का?

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई म्हणून एक छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह खूप, म्हणून 1990 पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं, डायबेटिससाठी म्हणून. पुढे जमातीतल्याच एक बाई 2003 मध्ये त्या विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसल्या तेव्हा कळलं की तेच रक्त भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलंय, स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं, आणि त्यांचे पूर्वज कुठून आले वगैरे. जमातीची श्रद्धा अशी की आपण याच दरीत जन्मलो, आणि त्यांच्याच रक्तातून दुसरंच सांगितलं जात होतं. त्यांनी विद्यापीठाच्या लोकांना दरीत यायला बंदी घातली, कोर्टात गेले, आणि 2010 मध्ये तडजोड झाली, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत.

संमतीपत्रात मोघम शब्द होते, सगळा घोळ तिथे. म्हणून तुमच्या चार पानांत एकच ओळ शोधा: हे रक्त या अभ्यासाशिवाय आणखी कशाला वापरणार, आणि वापरायचं झालं तर परत विचारणार का. ती ओळ नसेल तर पेनाने लिहून घ्या, त्यांची सही घ्या, मग तुमची करा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर 2017 मध्ये स्वतःचीच संशोधन आचारसंहिता काढली, आमच्याकडे यायचं तर आमच्या या नियमांनी या. प्रत्येक वस्तीला ते जमणार नाही, पण एक पानी नियमावली जमायला हरकत नाही.

प्रश्न: आमचा तीन वर्षांचा प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय, ग्रँट पण. वस्तीत अभ्यासिका चालते, आता काय? – एक संशोधक विद्यार्थिनी

हे शेवटच्या वर्षी विचारायचं नसतं, पहिल्याच वर्षी विचारायचं असतं, पण असो. आत्ता वस्तीत मीटिंग घ्या आणि सरळ सांगा की पैसे संपतायत, लपवू नका, त्यांना अंदाज असतोच. अभ्यासिका चालवायला महिन्याला नक्की काय लागतं ते फळ्यावर मांडा. भाडं, लाईट, बसणाऱ्या ताईचं मानधन, बस. बहुतेकदा हा आकडा तुमच्या प्रोजेक्टच्या बजेटपेक्षा फारच छोटा निघतो आणि मग लोकच म्हणतात एवढं बघू आम्ही, किंवा म्हणतात नको, बंद करा, तेही ऐकून घ्या. पुस्तकं विद्यापीठाच्या नावावर असतील तर अकाउंट्सकडून ती रीतसर वस्तीच्या नावावर करून घ्या, याला वेळ लागतो, उद्याच अर्ज टाका. मुलांच्या नोंदवह्यांची एक प्रत त्यांच्याकडे राहू दे. आणि किल्ली आत्ता कुणाकडे असते? तुमच्याकडे असेल तर या आठवड्यातच ताईंकडे द्या, म्हणजे मार्चपर्यंत त्या तुमच्याशिवाय उघडायला शिकतील आणि काही अडलं तर तुम्ही अजून फोनवर असाल.