पहिली गोधडी शिवायला सोपा नमुना कोणता?

तुम्ही लिहिलंय की ब्लाउज-पिशव्या शिवता येतात, घरी पायमशीन आहे, भाचीच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तुकड्यांची गोधडी द्यायची आहे आणि चांदण्यांचा नमुना मनात भरलाय. चांदण्या सोडा. निदान या खेपेला.

चांदणी म्हणजे त्रिकोण, आणि त्रिकोणाची एक बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येणारच. गळ्याच्या पट्टीला उरेब कापडाचा ताण कामी येतो, इथे तोच घात करतो. माझी पहिली गोधडी चांदण्यांचीच होती. चार चांदण्या झाल्या, एकीचंही टोक धड नाही आणि मधोमध कापड पुरीसारखं फुगलेलं. आता ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते.

नमुना सोपा की अवघड हे तुकडे मोजून कळत नाही. किती ठिकाणी शिलाईला शिलाई भिडवायची आहे ते मोजा. बुद्धिबळाच्या पटासारखे साधे चौकोनसुद्धा याच कारणाने फसवतात, चार तुकडे एका कोपऱ्यात भेटतात आणि सुताभर चूक लांबून दिसते.

म्हणून तुम्हाला पट्ट्यांचा नमुना सांगते, ज्याला रेल फेन्स म्हणतात. तीन रंग घ्या, एक गडद, एक मध्यम, एक फिका. प्रत्येकाच्या अडीच इंच रुंद पट्ट्या पूर्ण पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या सगळ्या रुंदीत कापा. पाव इंच दाब (शिलाईबाहेरचं कापड) ठेवून तिन्ही पट्ट्या लांबीत जोडल्या की साडेसहा इंच रुंद पट्टा तयार होतो. त्याचे साडेसहा इंचाचे चौकोन कापायचे. 44 इंच पन्हा असेल तर एका पट्ट्यातून सहा निघतात. सहा पट्टे, 36 चौकोन. एक उभा, एक आडवा असे मांडून सहा बाय सहा जोडले की सगळ्या गोधडीवर पायऱ्या उमटतात. शिवून माप 36 इंच भरतं. हिशेबाने प्रत्येक रंगाचं 15 इंच कापड लागतं, अर्धा मीटर घ्या.

उभ्या चौकोनाला आडवा लागतो, त्यामुळे त्याच्या आतल्या शिलाया कशालाच भिडवाव्या लागत नाहीत. ओळीला ओळ जोडताना तेवढे कोपरे येतात. तिथे एका ओळीचे दाब डावीकडे आणि दुसरीचे उजवीकडे इस्त्री करा, एकमेकांत बरोबर अडकतात.

आणि पट्टा साडेसहाऐवजी सव्वासहा भरला तर? दाब जास्त जातोय, एवढंच. उसवत बसू नका. सगळे पट्टे सारखे असतील तर चौकोनही सव्वासहाचेच कापा. गोधडी दीड-दोन इंच लहान होईल, पोरीला काय कळतंय!

कापड नागपूरच्या गांधीबाग बाजारात बघा, पण कॉटन आहे का याची खात्री करा. एक धागा ओढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते, टेरिकॉटच्या धाग्याचा कडक मणी होतो. घरी आणल्यावर आधी धुवा, आटायचं ते तेव्हाच आटू दे.

आत कापूस भरू नका. नागपूरच्या लेकराला पांघरूण दोनदा लागतं, डिसेंबर-जानेवारीत आणि मे महिन्यात पहाटे कूलरसमोर. जुनी मऊ सुती साडी दुहेरी करून घातली की दोन्हीकडे भागतं. अस्तराला सव्वा मीटर घ्या, चारी बाजूंनी दीड इंच जास्त ठेवा आणि तेच पुढे दुमडून शिवा. काठाला वेगळी पट्टी, म्हणजे गोट, लावायची गरज नाही.

तिन्ही थर जमिनीवर अंथरून आधी लांब कच्चे टाके घाला, मग मधून बाहेर धावदोरा. आमची आजी काठापासून आत यायची आणि एक सुरकुती पडायची नाही, पण तिच्या हाताशी आपण बरोबरी नको करायला.

लाल कापड घेतलंत तर धुताना ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर त्याची पिशवी शिवा, गोधडीत दुसरा रंग घ्या.