निर्दोष सुटूनही पोलीस पडताळणीत ‘शिक्षा’ दिसत असेल तर

आपल्या धाकट्या भावाची जन्मठेप उच्च न्यायालयाने रद्द केली, तरी नव्या नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत ‘शिक्षा झालेली आहे’ असा शेरा आला, हे वाचून राहवले नाही. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. अपील, शिक्षेची स्थगिती, जामीन हे सर्व आपण पार केलेलेच आहे, म्हणून त्यात शिरत नाही. मी वकील नाही; पुढचे सारे आमच्या अनुभवापुरते समजावे.

सुटकेनंतरचा आमचा सर्वाधिक काळ एका नोंदवहीने खाल्ला. मुंबईतल्या ज्या कार्यालयात ती होती त्याचे नाव घेत नाही. वहीत मेहुण्याच्या नावापुढे सत्र न्यायालयाच्या निकालाची तारीख, कलम आणि शिक्षा लाल शाईने लिहिलेली होती व शेजारचा अपिलाचा रकाना कोरा होता. निकालपत्राची छायाप्रत पुढे केली की लिपिक ती न उघडताच परत सरकवत आणि म्हणत, “वरून पत्र आल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही.” वर चौकशी केल्यावर कळले की निकाल सत्र न्यायालयात केव्हाच पोहोचला होता. तिथून तो पोलिसांकडे कोणी पाठवायचा, यावर दोन्ही टेबलांचे एकमत होते: आमच्याकडून नाही.

तेव्हा तोंडी विनवण्यांत दिवस घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, गुन्हा क्रमांक, सत्र खटल्याचा व अपिलाचा क्रमांक असा अर्ज पोलीस ठाण्यात आणि अभिलेख ठेवणाऱ्या कार्यालयात द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. मग त्याच आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारावे. उत्तराला 30 दिवसांची मुदत असल्याने फाईल कोणाच्या टेबलावर पडून आहे हे कागदावर येते. आमची नोंद त्यानंतरच हलली. ‘सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तर?’ असे कोणी विचारल्यास विशेष अनुमती याचिकेची, म्हणजे तिथे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाची, मुदत 90 दिवसांची आहे हे सांगावे आणि अशी याचिका दाखल नसल्याचे त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावरून छापून जोडावे. विलंब माफ होऊ शकतो, हे मान्य. पण म्हणून आजचा निकाल वहीत न चढवण्याला मला तरी काही आधार दिसत नाही. एवढ्यानेही काम झाले नाही, तर वकिलांकरवी रिट याचिकेचा, म्हणजे न्यायालयाने त्या कार्यालयाला आदेश द्यावा या मागणीच्या अर्जाचा, विचार करावा.

बोटांच्या ठशांचा प्रश्न वेगळा आहे. 2022 च्या ओळखविषयक कायद्यानुसार पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली आणि सर्व कायदेशीर मार्ग संपले की, न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल, तर अशा नोंदी नष्ट करायच्या असतात. आपल्या खटल्याला तो लागू होतो का, हे वकिलांनाच विचारावे.

नुकसानभरपाईच्या मागे आत्ताच लागू नये, असे मी म्हणेन. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला होता. तो कायदा झालेला नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र लढावे लागते आणि त्यात वर्षे जातात. भावाला नोकरी आज हवी आहे.

नोकरीच्या अर्जात ‘कधी शिक्षा झाली होती का?’ या प्रश्नापुढे मात्र ‘नाही’ लिहू नये. अटक, खटला, शिक्षा यांची माहिती खरीच द्यावी, ती दडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंह प्रकरणात 2016 मध्ये बजावले आहे. ‘होय, अपिलात रद्द, निर्दोष मुक्तता’ असे लिहून निकालाची तारीख द्यावी व प्रमाणित प्रतीची झेरॉक्स सोबत जोडावी.