लाओशी, माझा गृहपाठ झालाय

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका सदस्येने इथे विचारलं आहे की चीनमधले समुपदेशक पाश्चात्त्य थेरपी जशीच्या तशी वापरतात का, कुणासाठी कुठली पद्धत हे कशावरून ठरवतात, आणि ‘सांस्कृतिक रूपांतर’ म्हणजे नुसती ताओ-कन्फ्यूशियसची फोडणी असते का. प्रबंधासाठी विषय शोधते आहे, असंही तिने लिहिलंय.

मी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त काही वर्षं शांघायमध्ये होते. त्याआधी पुण्यात समुपदेशन करत होते, आताही करते. तिथे दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चिनी समुपदेशकांच्या एका छोट्या केस-चर्चा गटात मला बसू देत असत. माझं चिनी बेताचंच. शेजारची मैत्रीण अडलं तिथे कानात सांगायची. त्यामुळे पुढे लिहिते आहे त्यातलं थोडं वाचलेलं आहे, थोडं त्या खोलीतलं. खोलीतल्या गोष्टींचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

फोडणीचा प्रश्न आधी घेते. माझं मत असं की ताओचं वचन घालणं हा रूपांतराचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम वेगळ्याच जागी चालतं: समोरचा माणूस आपल्याला कोण समजून आलाय हे ओळखणं, आणि त्या नात्यात बसून थेरपी करता येईल अशी तिची घडण बदलणं.

एक उदाहरण सांगते. गटातल्या एका बाईंकडे तिशीतली एक मुलगी यायची. कामावर चूक होईल या धास्तीने झोप उडालेली. बाईंनी सीबीटीतला, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचारातला, विचारनोंदीचा तक्ता दिला. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, त्या विचाराच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे, शेवटी संतुलित विचार. पुढच्या आठवड्यात मुलगी आली ती तक्ता भरूनच. सगळे रकाने भरलेले, अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. म्हणाली, “लाओशी, माझा गृहपाठ झालाय.” लाओशी म्हणजे गुरुजी किंवा बाई. चीनमध्ये समुपदेशकाला बहुतेक लोक हीच हाक मारतात. असे चार आठवडे गेले. तक्ते सुंदर, झोप तशीच उडालेली. पाचव्या भेटीत बाईंनी विचारलं, “हा शेवटचा रकाना तुला पटतो का?” मुलगी गोंधळली. म्हणाली, “तुम्हाला हेच उत्तर हवं होतं ना?”

त्या रविवारी आमची चर्चा दोन तास याच वाक्यावर चालली. सीबीटीचा सगळा डोलारा यावर उभा आहे की रुग्ण आणि उपचारक दोघं मिळून विचार तपासतात. पण समोर लाओशी बसल्यावर विद्यार्थिनी वाद घालत नाही, बरोबर उत्तर देते. तिचा होकार हा पटल्याचा होकार नसून मान राखल्याचा असतो. त्या बाईंनी मग काय केलं? तक्ता सोडला नाही. त्याचं नाव बदललं. गृहपाठाला चिनीत ‘झुओये’ म्हणतात, शाळेतला शब्द. त्याऐवजी त्या ‘लिएनशी’ म्हणू लागल्या, म्हणजे सराव, रियाज. आणि अट घातली की शेवटचा रकाना कोरा ठेवायचा, घरून भरून आणायचा नाही. मला हे रूपांतर कुठल्याही वचनापेक्षा मोठं वाटतं. छापील पुस्तिकेत ते कधी सापडणार नाही.

आता निवड कशी होते त्याकडे येते. आपल्याला वाटतं की उपचारक लक्षणं बघतो, संशोधन बघतो आणि पद्धत निवडतो. थोडंफार तसं होतंही. पण चीनमध्ये कोण काय करतं हे पुष्कळदा त्याच्या शहरात कोण शिकवायला आलं यावर ठरलंय. 1988 मध्ये कुनमिंगला जर्मन आणि चिनी तज्ज्ञांची पहिली परिषद भरली. मार्गारेटे हास-वीझेगार्ट या जर्मन मानसशास्त्रज्ञ त्यामागे होत्या. 1997 पासून त्यातून सलग प्रशिक्षण सुरू झालं. मनोविश्लेषण, वर्तनोपचार आणि कुटुंबोपचार असे तीन गट होते. त्याला ‘चीन-जर्मन वर्ग’ म्हणतात, आणि पहिल्या तुकडीतल्यांचा उल्लेख ‘व्हांपोआची पहिली तुकडी’ असा होतो. व्हांपोआ ही 1924 मध्ये उघडलेली प्रसिद्ध लष्करी अकादमी. यावरून त्या वर्गाचा दबदबा कळेल. त्या तुकडीतली माणसं पुढे शिक्षक झाली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचीच वाट धरली. नंतर अमेरिकन मनोविश्लेषकांनी स्काइपवरून शिकवायला सुरुवात केली, तशी ऑनलाइन विश्लेषण घेतलेल्यांची एक पिढी तयार झाली. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखंच आहे हे. कोण काय गातो हे समजायचं तर आधी गुरू कोण ते विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. तिथला मानसिक आरोग्य कायदा 1 मे 2013 पासून लागू झाला. त्यानुसार समुपदेशकाला मानसोपचार करता येत नाही, निदानही करता येत नाही. मानसोपचार वैद्यकीय संस्थेतच व्हायला हवा. त्याआधी 2002 पासून समुपदेशकाच्या सरकारी परवान्याची परीक्षा होती. लाखो लोक ती उत्तीर्ण झाले आणि 2017 मध्ये ती बंदच केली गेली. म्हणजे शहराशहरांत प्रमाणपत्र असलेली, शिकायची हौस असलेली माणसं भरपूर आहेत, पण ‘मी उपचार करतो’ असं त्यांना म्हणता येत नाही. मग ती काय निवडतात? ज्याला आजार न म्हणता ‘वाढ’, ‘घरातला संवाद’, ‘स्वतःची ओळख’ म्हणता येईल ते. अमेरिकन कुटुंबोपचारक व्हर्जिनिया सटायर यांची कुटुंबपद्धती तिथे इतकी रुजली, त्याला हेही एक कारण आहे असं मला वाटतं. उलट, टप्पे ठरलेली आणि मोजमाप असलेली सीबीटी रुग्णालयांत बसली. हा धागा प्रबंधाला फार उपयोगी पडेल, कारण संस्कृतीवर लिहिणारे बहुतेक जण कायदा विसरतात.

तरी संस्कृतीचा भाग खराच आहे, आणि तो शरीरापासून सुरू होतो. 1980 मध्ये आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चांगशाच्या हुनान वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथे ‘शेनजिंग श्वाइरुओ’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असं निदान झालेले 100 रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले 87 जण तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत होते. पण रुग्ण सांगत होते ते डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही. उदास वाटतं हे पहिल्या वाक्यात येतच नव्हतं. ‘त्यांना भावना ओळखता येत नाहीत’ असा याचा अर्थ कुणी काढला तर तो साफ चुकीचा आहे. सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओच्या काळातली राजकीय उलथापालथ, नुकतीच संपली होती, मनाचं दुखणं म्हणजे विचारांतला दोष ठरण्याचा काळ लोकांनी अंगावर काढला होता. शरीराची तक्रार सुरक्षित होती. आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’ असं म्हणत येणारी बाई मनाचंच सांगत असते, हे इथल्या प्रत्येक समुपदेशकाला माहीत आहे. चांगला चिनी उपचारक शरीराच्या त्या भाषेत आधी नीट उतरतो. झोप, भूक, छाती यांवर तो दोन भेटी घालवतो आणि ‘हे खरं तर नैराश्य आहे’ असं म्हणायची घाई करत नाही.

त्याच चांगशात यांग देसेन आणि झांग यालिन यांनी ताओवादी बोधात्मक मानसोपचार घडवला. तुम्ही ज्याला फोडणी म्हणता तो हाच, म्हणून जरा सावकाश बघू. कि. मो. फडके सरांमुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं ए-बी-सी-डी-ई, म्हणजे अविवेकी समजुती बदलायच्या त्याच्या पद्धतीतले पाच टप्पे, मराठी वाचकाला परकं नाही. एलिसच्या मांडणीत ‘डी’ म्हणजे अविवेकी समजुतीशी वाद घालणं. चांगशाच्या पद्धतीतही पाच टप्पे आणि तीच पाच अक्षरं आहेत: सध्याचे ताण, समजुतींची घडण, मनातला संघर्ष आणि त्याला तोंड द्यायची रीत, मग ‘डी’, शेवटी परिणामाची तपासणी. पण इथे ‘डी’ म्हणजे वाद नाही. तिथे ताओवादी शिकवण समोर ठेवली जाते, 32 चिनी अक्षरांची. दुसऱ्याचं भलं करावं पण इजा करू नये, काम करावं पण चढाओढ करू नये. हाव कमी ठेवावी, पुरे कुठे म्हणायचं आणि थांबायचं कुठे ते ओळखावं. सलोखा जाणावा, खालची जागा घ्यावी, मऊपणाने कठीणावर मात करावी. शांत राहावं आणि गोष्टींना त्यांच्या ओघाने जाऊ द्यावं. पुरात लव्हाळं वाचतं हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे त्यांना यातलं काहीच अवघड वाटणार नाही.

आता त्या तक्तेवाल्या मुलीची गोष्ट आठवा. लाओशीशी वाद घालायला लावलं तर ती मान डोलावते. पण आजोबांच्या तोंडी ऐकलेली चार अक्षरं समोर ठेवली तर तिला लाओशीला खोडून काढावं लागत नाही, ती आपल्या समजुतीच्या शेजारी दुसरी एक समजूत ठेवून बघू शकते. मला यातलं खरं रूपांतर या टप्प्याच्या बदलात दिसतं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सततच्या चिंतेचा विकार असलेले 143 रुग्ण होते. काहींना फक्त गोळ्या, काहींना फक्त ही थेरपी, काहींना दोन्ही. गोळ्यांनी महिन्याभरात आराम पडला, पण सहा महिन्यांनी तो टिकला नव्हता. थेरपीचा परिणाम महिन्याभरात फारसा दिसला नाही, सहा महिन्यांनी दिसला. दोन्ही घेणाऱ्यांना दोन्ही वेळी फायदा झाला.

बीजिंगचे झोंग योबिन यांचं कामही जरूर वाचा. त्यांनी 1988 मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. मुळं फ्रॉइडमध्ये, पण वर्षानुवर्षं कोचावर झोपवणं नाही, स्वप्नांचा अर्थ लावणं नाही. थोड्या भेटी, समोरासमोर बोलणं, रुग्णाची हरकत नसेल तर एखादा नातेवाईकही सोबत, आणि भेटीनंतर घरी लिहून आणायचं. गाभा असा की ही भीती लहान मुलाची आहे, मोठेपणी तुम्ही ती मुलाच्या तर्काने वागवता आहात, हे तुमचं तुम्हाला उमजू दे. इडिपसचा, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाशी स्पर्धा वाटते या फ्रॉइडच्या कल्पनेचा, आग्रह त्यांनी धरलाच नाही.

नातेवाईक सोबत, हा मुद्दा पाश्चात्त्य प्रशिक्षण घेतलेल्याला खटकतो. पण शांघायमध्ये मुलाची पहिली भेट पुष्कळदा आईच ठरवते, पैसे तीच देते आणि खुर्चीतही तीच आधी बसते. गटातल्या एका पोक्त समुपदेशकांची रीत मला आवडली. ते आईला आधी गरम पाण्याचा पेला द्यायचे आणि दहा मिनिटं फक्त तिचं ऐकायचे. “किती दिवसांत बरा होईल?” हा प्रश्न ठरलेलाच. ‘सांगता येत नाही’ असं ते कधी म्हणत नसत. “सहा भेटी करू, मग आपण तिघं पुन्हा बसू,” म्हणायचे. मुदत मिळाली की आईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसायचा आणि ती बाहेर जाऊन बसायला तयार व्हायची. मग मुलगा बोलायचा.

कुटुंबोपचाराने तिथे मूळ धरलं ते यामुळेही. कुनमिंगचे, नंतर शांघायच्या तोंग्जी विद्यापीठातले झाओ शूदोंग जर्मनीत हायडलबर्गला कुटुंबोपचार शिकून आले होते. त्या परंपरेतला वळसा घालून विचारलेला प्रश्न चिनी घराला अगदी चपखल बसतो: “आई गप्प झाली की आजी काय करते, तुला काय वाटतं?” कुणी कुणावर बोट ठेवत नाही, कुणाचा चेहरा पडत नाही, आणि तरी घरातली गाठ सगळ्यांसमोर येते. घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत या अर्थाची म्हण चिनीतही आहे, ‘जियाचोऊ बु के वाइ यांग’. वाळूच्या ट्रेचं, म्हणजे वाळूत छोट्या मूर्ती मांडून मनातलं दाखवायच्या पद्धतीचं, तिथे एवढं प्रस्थ आहे त्याचं कारणही मला यातच दिसतं. शाळांच्या समुपदेशन खोल्यांत तो सर्रास असतो. शेन हयोंग यांच्या गटाने 2008 च्या वेन्चुआन भूकंपानंतर मुलांसाठी तो वापरला. वडिलांविरुद्ध तोंडातून शब्द न काढताही मूल वाघाची मूर्ती घराच्या दारात ठेवू शकतं.

त्याच भूकंपात उलटही घडलं. देशभरातून समुपदेशकांच्या झुंडी छावण्यांत पोहोचल्या, त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, आणि ‘आगीपासून जपा, चोरांपासून जपा, मानसतज्ज्ञांपासून जपा’ असं लोक म्हणू लागले.

आणखी एक सांगायलाच हवं, कारण मला त्याची मनापासून काळजी वाटते. ‘आपल्या संस्कृतीत असंच असतं’ हे वाक्य उपचारकाच्या तोंडी फार धोक्याचं आहे. सासरी मार खाणाऱ्या एका बाईला तिच्या आधीच्या समुपदेशकाने सलोखा आणि खालची जागा यांचा उपदेश केला होता. गटात हे सांगितलं गेलं तेव्हा एरवी कधी आवाज न चढवणारी एक तरुण मुलगी उभी राहून म्हणाली, “ही संस्कृती नाही, ही भीती आहे.” मला ती पूर्ण बरोबर वाटली. चिंतेने पोखरलेल्या, चढाओढीत दमलेल्या माणसाला ‘थांब’ म्हणणारं वचन मार खाणाऱ्या बाईला त्याच सुरात सांगता येत नाही. आणि चिनी माणूस एकच नसतो. बाविशीतली मुलं आता स्वतःच वाचून येतात, ‘युआनशेंग जियातिंग’, म्हणजे आपण ज्या घरात वाढलो ते घर, हा शब्द त्यांच्या जिभेवर असतो, आणि लाओशी सल्ला द्यायला लागली की त्यांना राग येतो.

प्रबंधासाठी मुलाखती घेणार असाल तर ‘तुम्ही सांस्कृतिक रूपांतर कसं करता’ असं विचारू नका. छापील उत्तर मिळेल. पहिला फोन कोण करतं, रुग्ण तुम्हाला काय हाक मारतो, घरी करायच्या कामाला तुम्ही कुठला शब्द वापरता, आणि तुमची कुठली पद्धत कुणाबरोबर फसली, एवढं विचारा. फसल्याचा प्रश्न शेवटी ठेवा, आणि विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसा.