नेपल्सहून घरच्यांसाठी अस्सल तिथलंच असं काय आणावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेपल्समध्ये चार दिवस आहात, फ्रिज मॅग्नेट नकोत, सासूबाई शाकाहारी आहेत आणि बॅगेत जागा जेमतेम. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तिथे तीन वर्षं काढली. दर सुट्टीत पुण्याला येताना हाच प्रश्न पडायचा आणि पहिल्या दोन खेपांना मी सपशेल आपटले. म्हणून उत्तर जरा लांबेल.

जाल तर आधी सान ग्रेगोरियो आर्मेनो नावाच्या गल्लीत जा. जुन्या शहरात स्पाक्कानापोली आणि व्हिया देई त्रिबुनाली हे दोन लांब रस्ते आहेत, त्यांना जोडणारी ही चिंचोळी चढाची गल्ली. इथे ‘प्रेसेपे’ बनवतात, म्हणजे येशूजन्माचा देखावा. पण तेवढ्याने काही कळत नाही. आपला दिवाळीतला किल्ला डोळ्यांसमोर आणा. मातीच्या जागी बुचाच्या सालीचा डोंगर, अळिवाच्या जागी शेवाळ. गोठा आणि बाळ असतंच, पण खरी मजा भोवतीच्या बाजाराची. मासेवाला, कलिंगडवाला, भट्टीत पिझ्झा सारणारा, आणि या सगळ्या गोंधळात डोंगरावर गाढ झोपलेला बेनिनो नावाचा मेंढपाळ. आपण नाही का महाराजांच्या सिंहासनाखाली विहीर, बैलगाडी आणि मावळ्यांच्या तिप्पट मोठा प्लॅस्टिकचा वाघ मांडत, तसंच. मॅराडोना तर तिथे देवदूतांच्या शेजारी उभा असतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

या गल्लीतही निम्मा माल साच्यातून काढलेला रेझिनचा असतो. ‘हाताने केलंय का’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. बाहुली उलटी करून बुड बघा. भाजलेली माती असेल तर तळाला विटेचा रंग दिसतो आणि नखाने टिचकी मारली की टण्ण वाजतं. रेझिन मुकं असतं, कडेने साच्याची शिवणही दिसते. आणि दुकानाच्या आत कुणी रंगवत बसलंय का, तेही बघा. मी घेतला तो मासेवाला एक आजी रंगवत होत्या. टोपलीतला एकेक मासा तांदळाएवढा. त्याच्यावर त्या आधी राखाडी रंग द्यायच्या, मग सुईच्या टोकाने चांदीचा एक ठिपका, तो डोळा. मी उभी होते तेवढ्यात अकरा मासे झाले. बोटभर उंचीची बाहुली, सॉक्समध्ये गुंडाळून आणली. भाच्याने तिला सिंहगडाच्या पायथ्याशी बसवलं आणि शेजाऱ्यांनी विचारलं, की हे कोळी कुठल्या गावचे.

याच्या वरचा प्रकारही बघून या, घ्यायचा नसला तरी. अठराव्या शतकातल्या पद्धतीच्या बाहुल्यांचं डोकं आणि हातपाय मातीचे, डोळे काचेचे, अंग तारेवर तागासारखे धागे गुंडाळून केलेलं आणि वर रेशमी कपडे. जुने नमुने टेकडीवरच्या सान मार्तिनोच्या संग्रहालयात आहेत. ते आधी पाहून आलात तर गल्लीत नजर तयार होते.

आता माझे दोन पराभव.

पहिला पोवळ्याचा. आपल्याकडे सराफ ‘इटालियन पोवळं’ म्हणतात, त्यामागचं गाव नेपल्सशेजारीच आहे, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याचं तोर्रे देल ग्रेको. काकूंच्या मुलीचा मंगळ कडक, म्हणून मला खास सांगून ठेवलेलं. मी शहाणी, बंदराजवळच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून माळ घेतली, स्वस्तात. घरी काकूंनी कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासलं, तर कापूस लालभडक! लाल पोवळं निसर्गतःच लाल असतं, रंग सुटायचं कारणच नाही. पोवळं घ्यायचंच तर तोर्रेतल्या दुकानात, पक्की पावती घेऊन घ्या. तिथेही ‘हे कुठल्या समुद्रातलं’ म्हणून विचारा, कारण जपान-तैवानकडचं पोवळंही तिथे फार वर्षांपासून येतं. तिथलं खरं वैभव आहे ते कारागिरीचं. शिंपल्यावर कोरलेले कॅमिओ, म्हणजे उठावाची कोरीव चित्रं, बघा. उजेडासमोर धरलं की खरा शिंपला पारदर्शकसा उजळतो, मागची बाजूही किंचित खोलगट असते.

दुसरा पराभव ताराल्लीचा. बदाम आणि मिरी घातलेली खुसखुशीत कडी, चहाबरोबर अप्रतिम. सांगलीच्या मावशींना दोन पाकिटं दिली. त्यांनी ‘अगदी आपल्या खाऱ्या शंकरपाळ्यासारखं’ म्हणत अर्धं पाकीट संपवलं, आणि मग नातवाने मोबाइलवर वेष्टन वाचलं. मोहन डुकराच्या चरबीचं. पुढचं सांगत नाही. तुमच्या सासूबाईंसाठी दोन शब्द पाठ करा: ‘सुन्या’ आणि ‘स्त्रुत्तो’. दोन्हींचा अर्थ तीच चरबी. नेपल्सच्या कितीतरी बेकरी पदार्थांत ती असते, पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लेतसुद्धा. चीजलाही जपा, अनेक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवलेली असतात.

त्यांच्यासाठी निर्धास्तपणे घ्या ग्रान्यानोचा पास्ता. नेपल्सपासून तासाभरावरचं हे गाव, आणि त्याच्या पास्त्याला २०१३पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. आपल्या नागपुरी संत्र्याला आहे, तशातलंच. पाकिटावर ‘आयजीपी’चा निळा-पिवळा गोल शिक्का बघा. आत फक्त कडक गव्हाचा रवा आणि पाणी. कांस्याच्या साच्यातून काढल्यामुळे वरून खरखरीत असतो, सॉस धरून ठेवतो. साध्या सुपरमार्केटमध्ये घ्या, पर्यटकांच्या दुकानात तोच रिबीन बांधून दुप्पट भावाने मिळतो. लिमोन्चेल्लो, म्हणजे तिथली लिंबाची दारू, घेणार असाल तर चेक-इन बॅगेत ठेवा, आणि भारतात माणशी दोन लिटरच्या वर दारू विनाशुल्क आणता येत नाही हे लक्षात असू द्या.

कॉफी पिणारं कुणी घरी असेल तर कुकुमेल्ला. खालच्या भांड्यात पाणी, मधे कॉफीचा डबा, वर चोचीचं भांडं उलटं. पाणी उकळलं की सगळं उचलून झटकन उलटं करायचं, मग कॉफी थेंबथेंब गळते. आपल्या दक्षिणी फिल्टरची चुलत बहीण म्हणा. ॲल्युमिनियमचं वजन नाममात्र, पण इंडक्शनवर चालत नाही.

ऑफिससाठी नापोलितान पत्ते. ४० पानं, नाणी, पेले, तलवारी आणि सोटे असे चार रंग. सोट्यांच्या तिर्रीवर मिशाळ चेहरा आहे, तो बघूनच लोक हसतात. आता गंमत ऐका: हे पत्ते बनवणारी नावाजलेली कंपनी उत्तरेकडच्या त्रिएस्तेची! तरी मी ते अस्सलच धरते, कारण नेपल्सच्या घराघरात तेच खेळतात. उलट ‘कापोदिमोन्ते’ म्हणून चिनी मातीची फुलं दाखवतील, मुकुट आणि ‘एन’ अक्षराच्या शिक्क्यासह. तो राजेशाही कारखाना १७४३ साली सुरू झाला आणि १७५९ साली राजाबरोबर स्पेनला गेला. शिक्का कोणीही मारतं. सोडून द्या.

हो, आणि पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांतला दगड खिशात घालू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय ‘साडेसाती लागली’ म्हणून दगड पोस्टाने परत पाठवणारे पर्यटक दरवर्षी निघतात.

लाल शिंग शेवटी ठेवलंय. कॉर्निचेल्लो. मिरचीसारखं दिसतं आणि काम आपल्या लिंबू-मिरचीचं करतं, दृष्ट काढायचं. मातीचं, हाताने केलेलं घ्या, चार-पाच युरोंत मिळतं. मी एक उचललं तर दुकानदारीणबाईंनी विचारलं, कुणासाठी? माझ्यासाठीच, म्हटलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. स्वतःसाठी घेतलेलं लागू पडत नाही, कुणीतरी द्यावं लागतं. नवरा बाहेर सिगारेट ओढत होता, त्याला आत बोलावून पैसे त्याच्याकडून घेतले. मग त्याच्या हाती शिंग देऊन त्याचं टोक माझ्या डाव्या तळहातावर टोचायला लावलं. चांगलंच टोचलं. तेव्हा तुम्हीही एकेक एकमेकांना घेऊन द्या, आणि सासूबाईंना द्याल तेव्हा जरा हळू टोचा.