काजूच्या बोंडांपासून हायड्रोजन मिळेल का?

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. मार्च ते मे या काळात बिया काढून घेतल्या की बोंडे झाडाखालीच कुजून जातात. जिवाणूंना काथ्यावर किंवा जेलच्या मण्यांत बसवून कचऱ्यापासून हायड्रोजन इंधन तयार करतात, असे वाचनात आले. असे संयंत्र बागेत उभारता येईल का? आणि जिवाणूंना असे बांधून ठेवण्याची गरज काय?
— एक बागायतदार, ता. वेंगुर्ले

उत्तर : क्लॉस्ट्रिडियम, एन्टेरोबॅक्टर यांसारखे जिवाणू हवेशिवाय साखर आंबवतात, तेव्हा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अॅसेटिक, ब्युटिरिक यांसारखी आम्ले तयार होतात. बोंडाच्या रसात साखर भरपूर असल्याने कच्चा माल म्हणून ते योग्यच आहे. मात्र ज्या टॅनिनमुळे बोंड खाताना घसा धरतो, ते जिवाणूंनाही मानवत नाही, म्हणून रस आधी निवळून किंवा पातळ करून घ्यावा लागतो.

आता बांधून ठेवण्याविषयी. टाकीत एका बाजूने रस येत असतो आणि दुसऱ्या बाजूने आंबलेले पाणी बाहेर जात असते. प्रवाहाचा वेग वाढवला, तर मोकळे जिवाणू वाढण्याआधीच वाहून जातात आणि टाकी निकामी होते. त्यांना आधारावर बसवले, की थोड्या जागेत दाट वस्ती टिकते आणि रस वेगाने सोडता येतो. टोकियोतील इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जिवाणू पॉलिअॅक्रिलअमाइडच्या जेलमध्ये बसवून ग्लुकोजपासून सतत हायड्रोजन मिळवला होता. मण्यांची कृती त्याहून सोपी आहे : तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले, की प्रत्येक थेंब गोठून भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मणी होतो. पण आत साठणाऱ्या वायूने हे मणी फुटतात आणि सांडपाण्यातील फॉस्फेटने मऊ पडतात. त्यामुळे कोकणासाठी मला काथ्या अधिक भरवशाचा वाटतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाताचा पेंढा, उसाची चिपाडे आणि काथ्या यांवर एन्टेरोबॅक्टर क्लोएसी बसवून पाहिला, तेव्हा काथ्याच सरस ठरला. त्याचे धागे खरबरीत असतात आणि लिग्निन या चिवट घटकामुळे लवकर कुजत नाहीत.

तरीही हे संयंत्र बागेत उभारू नये, असेच मी सुचवीन. एक किलो ग्लुकोजपासून या मार्गाने सिद्धान्ततः फार तर 44 ग्रॅम हायड्रोजन मिळतो आणि प्रत्यक्षात साधारण त्याच्या निम्माच हाती येतो. त्या 44 ग्रॅममधील ऊर्जा सुमारे 115 ग्रॅम एलपीजीएवढी भरते, तर तेवढ्याच ग्लुकोजपासून बायोगॅस केला असता सिद्धान्ततः जवळजवळ अडीचपट ऊर्जा मिळते, कारण हायड्रोजनच्या मार्गात बहुतेक ऊर्जा आम्लांतच अडकून राहते. शिवाय निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, तो वेगळा काढावा लागतो; आणि हवेत 4 ते 75 टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. घरच्या शेगडीजवळ असा वायू नको.

अनेक बागांची बोंडे एकत्र येतात, तेथे मात्र या तंत्राला जागा आहे. काथ्याच्या टाकीत हायड्रोजन काढून घ्यावा, उरलेले आंबट पाणी दुसऱ्या टाकीत सोडून त्याचा बायोगॅस करावा, म्हणजे आम्लांतली ऊर्जाही वाया जात नाही. बोंडे मोसमातच मिळत असल्याने उरलेल्या महिन्यांसाठी दुसरा गोड कचरा, उदाहरणार्थ आंबा कॅनिंगमधील साली, आधी निश्चित करावा. तुमच्यापुरते बोलायचे, तर गोबरगॅस असल्यास बोंडे ठेचून शेणासोबत थोडी थोडी घाला. एकदम पाटीभर घातल्यास आम्ल साचते, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात आणि गॅस पेटेनासा होतो.

प्रश्न : मासळीच्या टाकाऊ भागापासूनही असा हायड्रोजन मिळेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फारसा नाही. हे जिवाणू हायड्रोजन मुख्यतः साखर आणि पिष्टापासून करतात, तर मासळीत प्रथिने आणि चरबी असते. प्रथिने कुजली की अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड वाढतात. डोकी, आतडी, काटे यांचे खत किंवा फिशमील करणे अधिक हिताचे आहे.