जर्मनीत फ्लोअर हीटिंगवाल्या नवीन घरात हीट पंपचं सेटिंग किती ठेवायचं?

आधी सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडे करा, मग मेनूत हीटिंग कर्व्ह शोधा, म्हणजे बाहेर किती थंडी असली की पाणी किती गरम करायचं ते तिथे ठरतं. इन्सुलेशन चांगलं असेल तर स्लोप, म्हणजे थंडी वाढली की पाणी किती जास्त तापवायचं तो कर्व्हचा चढ, ०.३ ते ०.५ बहुतेक पुरतो, कडक थंडीतही पाणी ३५ डिग्रीच्या आसपासच राहतं. फक्त उणे तापमानातच घर गार पडत असेल तर स्लोप ०.१ ने वाढवा, पण कायमच गार वाटत असेल तर स्लोपला हात न लावता अख्खा कर्व्ह थोडा वर सरकवा, म्हणजे बाहेर कितीही थंडी असो, पाणी सारखंच थोडं जास्त गरम होईल, इथेच लोकांची गल्लत होते. प्रत्येक बदलानंतर एकदोन दिवस थांबा, फरशीखालचं काँक्रीट फार सावकाश तापतं. आणि रात्री बंद करू नका प्लीज.