लिनक्स डेस्कटॉपमध्ये ईमेल क्लायंट (मेल वाचायचं-पाठवायचं ॲप) आधीपासूनच असावा का?

माझ्या मते नसला तरी चालेल. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं २०११ मध्ये ११.१० आवृत्तीत इव्होल्यूशन हे मेलचं ॲप काढून थंडरबर्ड हे दुसरं आणलं, आणि २३.१० पासून नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये तेही येत नाही. मिंट या दुसऱ्या प्रकारात मात्र थंडरबर्ड अजून असतं. बाबांच्या लॅपटॉपवर मिंटच आहे. ते मेल ब्राउझरमध्येच बघतात, पण एखाद्या वेबसाइटवरच्या ईमेल पत्त्यावर चुकून क्लिक झालं की थंडरबर्ड खातं जोडायची खिडकी उघडून बसतं आणि मला फोन येतो, "अरे, हे पासवर्ड कशाला मागतंय?"

अर्थात नेट धड नसेल तिथे उतरवून ठेवलेले मेल ऑफलाइन वाचता येतात, हा फायदा खराच. ज्याला हवंय त्यानं टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल थंडरबर्ड' म्हणावं, झालं काम.